पोलादी कपाटातून वेबपानाकडे

वर्गमूळ काढण्याची रीत एकदा वहीत उतरवली, की दर गणितात ती पुन्हा लिहावी लागत नाही. 'मागील पान पाहा' एवढे म्हटले तरी भागते. संगणकाला असे सांगता येईल का? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधले गेले इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात.

तेथे मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम यशस्वीपणे चालला. त्याने वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दिले. पण आज्ञावल्या मोठ्या होऊ लागताच त्यांत चुका शिरू लागल्या. मग तपासून घेतलेले तुकडे, म्हणजे सबरुटीन, छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर कपाटात जपून ठेवले गेले. हवी ती पट्टी काढायची, आपल्या पट्टीत तिची नक्कल उतरवायची.

खरी अडचण वेगळीच होती. एकाच तुकड्याला अनेक ठिकाणांहून बोलावले, तर काम झाल्यावर त्याने परत कोठे जायचे? डेव्हिड व्हीलर यांनी युक्ती काढली. बोलावणाऱ्याने आपला पत्ता संगणकाच्या संचायकात ठेवायचा. तुकड्याने त्यावरून परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्या शेवटी बसवायची.

आता डिसेंबर १९९६ मध्ये येऊ. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी पद्धतीत वेबपानातच व्हीबीस्क्रिप्टच्या ओळी लिहीत. लिहायला सोप्या, पण जड आकडेमोडीला संथ. म्हणून अशी आकडेमोड सी++ सारख्या भाषेत लिहून, आधीच यंत्रभाषेत उतरवून, डीएलएल फाइलमध्ये ठेवता येई. स्क्रिप्टने फक्त नाव घ्यायचे. त्या नावाची फाइल कोठे आहे, हे विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदलेले असे. नक्कल करण्याची गरजच संपली.

मेख मात्र येथेच आहे. केंब्रिजमध्ये प्रत्येकाची नक्कल स्वतंत्र होती. सामाईक फाइल बदलली, की तिच्यावर विसंबलेली सगळी पाने एकदम सुधारतात, नाहीतर एकदम अडतात. शिवाय ही फाइल सर्व्हरच्याच प्रक्रियेत चालत असेल, तर तिच्यातील गंभीर चूक सर्व्हरलाही बंद पाडू शके.

यावर उपाय जुनाच आहे. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात सबरुटीनांबरोबर ते वापरण्याच्या सूचनाही दिल्या. काय द्यायचे, काय परत मिळेल, हे लिहून ठेवणे आणि लिहिलेले पाळणे: दुसऱ्याच्या कामावर आपण विश्वास टाकू शकतो, तो या करारामुळेच.