चेस इंजिनच्या चाचणीत ‘लर्निंग’ चालू ठेवावं की बंद?

बुद्धिबळाची इंजिनं एकमेकांविरुद्ध शेकडो डाव खेळवून त्यांची ताकद मोजली जाते. स्वीडनची एसएसडीएफ ही संघटना १९८४ पासून हे काम करते. यातला जुना वाद म्हणजे ‘लर्निंग’.

लर्निंग म्हणजे काय?
हरलेल्या डावाची सुरुवात इंजिन फाइलमध्ये नोंदवून ठेवतं आणि पुढच्या वेळी ती टाळतं. रॉबर्ट हयात यांच्या ‘क्राफ्टी’मध्ये ही सोय होती.

बंद का ठेवावं?
चालू असेल तर पहिल्या आणि दोनशेव्या डावातला खेळाडू एकच राहत नाही. रेटिंगचं गणित मात्र ताकद तीच आहे असं धरून चालतं. शिवाय कोल्हापुरातल्या कॉम्प्युटरवरची लर्निंग फाइल पुण्यातल्यासारखी नसते. मग निकाल पडताळायचा कसा?

चालू का ठेवावं?
शिकणं हाही इंजिनचाच गुण आहे. बंद केलं तर ते त्याच सापळ्यात पुन्हा पुन्हा अडकू शकतं. त्यावर उपाय आहे: वेगवेगळ्या सुरुवातींचा संच ठरवायचा आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवायची.

आज काय होतं?
स्टॉकफिशचं न्यूरल नेटवर्क आधीच शिकवलेलं असतं. डाव सुरू असताना ते बदलत नाही. कोल्हापूरच्या भाषेत, मेहनत तालमीत, कुस्ती मैदानात.

थोडक्यात
ताकद मोजायची असेल तर लर्निंग बंद. स्पर्धा असेल तर चालू चालेल, पण नियम दोघांना सारखा हवा आणि निकालासोबत तसं लिहिलेलं हवं.