तुटलेली जोडी : ‘एस्केप फ्रॉम टारकॉव्ह’मधील कामगिरीचा पूर्वेतिहास

व्लादिमिर प्रॉप या रशियन पंडिताने १९२८ साली अद्भुतकथांच्या रचनेचे जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यात कथेतील क्रियांची संख्या ३१ ठरविली आहे. यांपैकी काही क्रिया जोडीने येतात. नायकाला अवघड कामगिरी सांगितली जाणे आणि त्याने ती तडीस नेणे ही अशीच एक जोडी होय. पहिली क्रिया उच्चारली गेली की श्रोता दुसरीची वाट पाहू लागतो. ती येईल की नाही, ही शंका त्याच्या मनाला शिवत नाही. कोणत्या युक्तीने येईल, एवढेच काय ते कुतूहल असते. ही जोडी जेथे उघडपणे फुटलेली दिसते असा एक खेळ प्रॉपच्याच शहरात, सेंट पीटर्सबर्ग येथे, रचला गेला.

‘एस्केप फ्रॉम टारकॉव्ह’ हा बॅटलस्टेट गेम्स या कंपनीचा बंदुकांच्या लढाईचा संगणकीय खेळ होय. २०१७ साली तो मर्यादित चाचणीसाठी खुला झाला आणि १५ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याची पूर्ण आवृत्ती बाहेर आली. टारकॉव्ह हे युद्धाने उद्ध्वस्त झालेले काल्पनिक रशियन शहर. तेथील व्यापारी खेळाडूला कामगिऱ्या सांगतात. त्यांतील प्रापोर याचे नाव म्हणजे ‘प्रापोर्श्चिक’ या लष्करी हुद्द्याचे बोलभाषेतील तोकडे रूप. कोठारातील माल लांबविणारा म्हणून हा हुद्देदार रशियन विनोदांत प्रसिद्धच आहे. खेळाडू शहराच्या एखाद्या भागात ठराविक मिनिटांपुरता उतरतो. नेमलेल्या वाटेने जिवंत बाहेर पडला तर मिळविलेले सारे त्याचे. मेला तर शस्त्रे, चिलखत व पाठपिशवी गमावतो. एका लहान सुरक्षित पेटीतील वस्तू तेवढ्या वाचतात.

या रचनेत दोन निराळे वारसे एकत्र आले आहेत. कामगिरीचा वारसा भूमिकाप्रधान खेळांचा. तेथे कामगिरी ही खेळाडूची खाजगी बाब असते. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मृत्यूमुळे जवळचे सामान दुसऱ्याच्या हाती जात नसे आणि फसलेली कामगिरी हवी तितक्या वेळा पुन्हा करता येई. प्रॉपची जोडी तेथे शाबूत होती. केवळ लांबणीवर पडे.

दुसरा वारसा सर्वस्व गमावण्याचा. १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये मारणारा मेलेल्याच्या अंगावरील सामान उचलून नेऊ शकत असे. ही मोकळीक पुष्कळांना असह्य झाली आणि २००० साली त्या जगाचे दोन भाग करून एका भागात अशी हत्या बंद करण्यात आली. निर्मात्यांची ही माघारच म्हटली पाहिजे. त्यानंतर हा कठोरपणा दीर्घकाळ आडवाटेला राहिला. २०१२ साली न्यूझीलंडच्या डीन हॉल यांनी ‘आर्मा २’ या चेक कंपनीच्या युद्धखेळावर ‘डेझी’ हे रूपांतर रचले आणि त्याला पुन्हा मोठा लोकाश्रय मिळवून दिला. ‘डेझी’त मात्र कोणी कामगिरी सांगत नाही, जिवंत राहणे हेच काम. टारकॉव्हने या निर्दय जगात व्यापाऱ्यांच्या कामगिऱ्या आणून ठेवल्या, आणि येथेच जोडी तुटली.

मराठीत कामगिरी पत्करणे यास ‘विडा उचलणे’ म्हणतात. या शब्दांत दरबाराचे चित्र आहे : तबकात विडा एकच असतो आणि एकाने तो उचलला की बाकीचे बाजूला होतात. टारकॉव्हमध्ये तोच विडा सर्वांपुढे एकाच वेळी ठेवला जातो. ‘डिलिव्हरी फ्रॉम द पास्ट’ या कामगिरीत कस्टम्स भागातील एका बंद कार्यालयातून कागदपत्रांची पेटी काढायची, ती घेऊन जिवंत बाहेर पडायचे, मग फॅक्टरी या अगदी चिंचोळ्या भागात उतरून ती लपवायची व पुन्हा जिवंत परतायचे असते. पेटी जवळ असता मृत्यू आला तर ती जाते आणि सारे पहिल्यापासून. दाराशी दबा धरून बसलेला खेळाडू कदाचित त्याच पेटीसाठी आलेला असतो. लोककथेतला राक्षस नायकाच्या हातून मरण्यासाठीच कथेत आलेला असतो. या दबा धरणाऱ्याची स्वतःची कथा आहे आणि तीत पहिला खेळाडूच राक्षस ठरतो. नायक आणि प्रतिनायक ही नावे त्यामुळे पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून राहतात. प्रॉपच्या पद्धतीत याला स्थान नाही, कारण त्याच्यासमोर कथा एकाच निवेदकाची होती.

स्कीअरची ‘सेटअप’ ही कामगिरी याहून चमत्कारिक आहे. तीत उशांका ही लोकरी टोपी आणि एक हलके, बिनचिलखती जाकीट घालून, केवळ शॉटगनने, कस्टम्समध्ये इतर खेळाडूंना मारायचे असते. हा वेष स्कॅव्ह म्हणजे स्थानिक भुरट्यांचा. कथेत वेषांतर ओळख लपविते. येथे ते उलट ती जाहीर करते, कारण अनुभवी खेळाडू ती टोपी पाहताच समोरचा काय करू पाहत आहे हे ताडतो. अपुऱ्या शस्त्रानिशी आलेला हा मनुष्य मग सहज बळी पडतो, पुन्हा टोपी विकत घेतो आणि पुन्हा उतरतो. कित्येकांची ही कामगिरी आठवडेच्या आठवडे अडून राहते. कौशल्य वाढूनही यश येईलच असे नसते, ही त्यांची तक्रार वावगी नाही. परंतु एवढ्यावरून रचना सदोष ठरवणे घाईचे होईल. दुसरी क्रिया येईलच अशी खात्री नसल्यामुळेच ती आली असता तिला मोल येते.

चाचणीच्या वर्षांत या अनिश्चिततेवर आणखी एक कडी होती. काही महिन्यांनी सर्वांची प्रगती एकदम पुसली जाई. इंग्रजी ‘वाइप’ हा शब्द खेळाडूंच्या तोंडी यासाठीच रूढ झाला. ज्याची कामगिरी अडली होती आणि ज्याची पुरी झाली होती, ते दोघे एकाच दिवशी एकाच पायरीवर येत, आणि प्रापोर दोघांनाही पुन्हा तीच पहिली कामगिरी सांगे : थोडे स्कॅव्ह मारा आणि एमपी-१३३ जातीच्या दोन शॉटगन आणून द्या.