दारासमोरचं गवत आणि शेजाऱ्यांची नजर

आजचा भाग एका पत्रापासून सुरू करतो.

माझा आतेभाऊ टेक्सासमध्ये, डॅलसजवळ राहतो. मागच्या उन्हाळ्यात आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून दादा आणि वहिनी पाच आठवडे सांगलीला आले होते. परत गेले तर पत्रपेटीत असोसिएशनचं पत्र. तुमच्या घरासमोरचं गवत ठरलेल्या उंचीपेक्षा जास्त वाढलं आहे, दहा दिवसांत कापा, नाहीतर दंड. सोबत पुरावा म्हणून फोटो. दादाने बॅगा उघडायच्या आधी गॅरेजमधून गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं. फोनवर हे सांगताना तो हसत होता. वहिनी मात्र हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "दंडाचं काही नाही रे. गल्लीतले मनात म्हणाले असतील, हे इंडियन असेच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दारातल्या गवतावरून माणसाची पारख कधीपासून व्हायला लागली? म्हणून वाचायला बसलो, आणि जे सापडलं ते तुम्हाला सांगतो.

मेंढ्या, विळे आणि कापडगिरणी

मुळात लॉन ही श्रीमंतांची चैन. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोठ्या जमीनदाराच्या वाड्यासमोर एकसारखं कापलेलं हिरवं मैदान असायचं. ते ठेवायला एकतर मेंढ्या हव्यात, नाहीतर लांब पात्याचे विळे घेतलेले मजूर. आणि त्यातून निरोप असा जायचा, की माझ्याकडे इतकी जमीन आहे की तिच्यात काही पिकवलं नाही तरी माझं अडत नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननला आणि जेफरसनच्या माँटिसेलोला याच धर्तीची हिरवळ होती. ती राखणारे हात गुलामांचे होते, हेही लक्षात ठेवा.

सामान्य माणसाच्या दारात हे गवत आलं ते एका यंत्रामुळे. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावी लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहिलेले तंतू एका पातळीत कापायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र वापरत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराला सुचलं, की हीच युक्ती गवतावर का चालू नये? १८३० मध्ये त्याने पेटंट घेतलं. कापड कापायचं यंत्र गवत कापायला लागलं, आणि अनेक मजुरांचं काम एका माणसाच्या आवाक्यात आलं.

कुंपण नको

आता अमेरिकेत येऊ. १८६८-६९ मध्ये शिकागोजवळ रिव्हरसाइड नावाची वसाहत आखली जात होती. आखणारे होते फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स, म्हणजे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी घडवलं तीच जोडी. ओल्मस्टेडला इंग्लंडमधल्या घरांच्या उंच भिंती अजिबात आवडल्या नव्हत्या. रस्त्याने जाताना वेड्यांची इस्पितळं ओळीने उभी केल्यासारखं वाटतं, असं त्याचं मत होतं. म्हणून रिव्हरसाइडमध्ये घर रस्त्यापासून किमान ३० फूट आत, आणि समोर उंच भिंत नाही. म्हणजे प्रत्येकाचं अंगण शेजारच्या अंगणाला जोडलेलं, आणि सगळी गल्ली मिळून एक बाग.

१८७० मध्ये फ्रँक जे. स्कॉट याने उपनगरातल्या छोट्या घरांच्या बागांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा: घराभोवती उंच झुडपांची भिंत उभारून शेजाऱ्याला तुमची बाग दिसूच न देणं हे शेजारधर्माला सोडून आहे, ख्रिस्ती माणसाला शोभणारं नाही. दारासमोरची हिरवळ उघडी ठेवा, नीट कापलेली ठेवा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही आनंद.

खरं सांगतो, हे वाचून मला माणूस आवडला. कल्पना छानच आहे! आपल्याकडे दारात सडा-रांगोळी असते तीही येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीच असते की. पण यात एक मेख आहे. सगळ्यांची अंगणं मिळून एक बाग असेल, तर माझ्या अंगणात वाढलेलं गवत ही माझी खाजगी बाब उरत नाही. मी सगळ्यांची बाग बिघडवतो. उघड्या अंगणाबरोबर शेजाऱ्याला माझ्याकडे बघायचा आणि मग बोलायचाही हक्क मिळाला.

लेव्हिटटाउन: एकाच कागदावरची दोन कलमं

दुसरं महायुद्ध संपलं. लाखो सैनिक घरी आले, लग्नं झाली, मुलं झाली आणि घरं नव्हती. सरकारने कर्जाला हमी दिली. लेव्हिट कुटुंबाच्या कंपनीने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांवर १९४७ ते १९५१ या काळात १७ हजारांहून जास्त घरं बांधली. कारखान्यात मोटारी बनतात तशी, एकसारखी. प्रत्येक घराचा प्लॉट साधारण ६० बाय १०० फूट, आणि लॉन आधीच लावलेली.

वडील अब्राहम लेव्हिट यांचा बागेवर फार जीव. ते स्थानिक वर्तमानपत्रात लॉनची निगा कशी राखावी यावर सदर लिहायचे. पण नुसत्या सल्ल्यावर काम भागवलं नव्हतं. नियम होते: मोसमात आठवड्यातून एकदा गवत कापायचं, कुंपण घालायचं नाही, शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. गवत कापलं नाही, तर कंपनी माणूस पाठवणार आणि बिल तुम्हाला. मुलगा विल्यम लेव्हिट म्हणायचा, की ज्याचं स्वतःचं घर आणि जमिनीचा तुकडा आहे तो कम्युनिस्ट होऊच शकत नाही, त्याला घरचंच काम इतकं असतं!

इथपर्यंत गंमत वाटते. आता त्याच वसाहतीच्या सुरुवातीच्या भाडेकरारातलं आणखी एक कलम सांगतो. गोऱ्या वंशाच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणीही हे घर वापरायचं नाही किंवा इथे राहायचं नाही. त्यात एक सवलत होती: घरकामाला गोरा नसलेला नोकर ठेवायला हरकत नाही.

म्हणजे बघा. कृष्णवर्णीय माणसाने तिथलं गवत कापलं तर चाललं असतं. त्या गवतासमोरच्या घरात राहिला तर नाही.

हे एका कंपनीचं खूळ नव्हतं. १९३४ मध्ये स्थापन झालेलं केंद्राचं गृहनिर्माण खातं कर्जाला हमी देताना अशा वांशिक अटींची शिफारस स्वतःच्या नियमपुस्तिकेत करत होतं. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, 'शेली विरुद्ध क्रेमर' खटल्यात, अशा अटी कोर्टामार्फत अंमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. लेव्हिटने पुढच्या वर्षी ते कलम काढलं, पण कृष्णवर्णीयांना घरं विकली नाहीतच. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे जोडपं राहायला आलं. तिथलं पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब. घरासमोर जमाव जमला, दगडांनी काचा फुटल्या, राज्य पोलिसांना बोलवावं लागलं. घर विकताना वंशभेद करायला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये.

माझं म्हणणं असं नाही की गवत कापणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा आहे. पण 'आपली वस्ती चांगली आहे, भाव टिकून आहेत' हे दाखवायच्या खुणांमध्ये कापलेलं गवत आणि शेजाऱ्याचा रंग एकाच यादीत बसले होते. यादीतली एक ओळ कोर्टाने खोडली. दुसरी तशीच राहिली. आपल्याकडे अजून भाड्याने घर शोधताना आधी आडनाव विचारतात, स्वयंपाकात काय असतं ते विचारतात, तेव्हा हे आपल्याला अगदीच परकं वाटायला नको.

तण कोणाला म्हणायचं?

मधेच एक छोटी गोष्ट. युद्धाच्या आधी अमेरिकेत लॉनसाठी बी मिळायचं त्यात क्लोव्हर, म्हणजे तीन पानांची ती बुटकी वनस्पती, मुद्दाम मिसळलेली असायची. तिच्यामुळे जमिनीला नत्र मिळतं. मग युद्धकाळात शोधलेलं टू-फोर-डी नावाचं तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांची झाडं मारतं, गवत सोडतं. त्यात क्लोव्हरही मरायला लागलं. मग काय? क्लोव्हरचाच समावेश तणात झाला. औषध जे मारतं ते तण! आणि क्लोव्हर गेल्यावर नत्रासाठी खताचं पोतं विकत आणायचं.

उलटी गंमत टेक्सासमध्ये. दादाच्या दारातलं गवत तिथे 'बर्म्युडा' नावाने विकतात. आत्याने एकदा व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि ओरडलीच, "अरे, ही तर हरळी! पैसे देऊन लावतात?" आत्याचं बरोबर होतं. वनस्पती तीच. आपला शेतकरी जिच्या मुळ्या खणून काढता काढता मेटाकुटीला येतो ती हरळी, आणि गणपतीला वाहतो त्या दूर्वाही त्याच.

दंड

वाढलेल्या गवतावर सरकारी कायदा लेव्हिटच्याही आधीचा आहे. सेंट लुइस शहराने एक फुटापेक्षा उंच तण म्हणजे सार्वजनिक उपद्रव असं ठरवलं होतं, आणि १९०३ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. कारण आरोग्याचं. पुढे कारण मागे पडलं आणि उंचीचा आकडा राहिला. आमच्या कामात याला लेगसी कोड म्हणतात. का लिहिलाय ते कोणाला माहीत नसतं, पण काढायची हिंमत होत नाही.

कधीकधी कोर्ट कारण विचारतं. १९७६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या न्यू बर्लिन शहरात एका वन्यजीव अभ्यासकाने अंगणात रानगवत आणि रानफुलं वाढू दिली होती. शहराने खटला भरला. आग लागेल, उंदीर होतील, परागकणांचा त्रास होईल, यातलं काहीच शहराला सिद्ध करता आलं नाही आणि तो माणूस जिंकला.

पण दुसरं टोक बघा. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या ड्युनेडिन शहरात एक वयस्कर गृहस्थ आईच्या मृत्यूनंतरचे व्यवहार निस्तरायला दुसऱ्या राज्यात गेले होते. ज्या मित्राला गवत कापायचं काम दिलं होतं, तोच मधे वारला. गवत दहा इंचांच्या वर गेलं. आधी एकदा नियम मोडलेला असल्यामुळे दंड रोज ५०० डॉलर. हिशेब सुमारे ३० हजार डॉलरपर्यंत गेला, आणि वसुलीसाठी घर जप्त करायलाही शहराने मंजुरी दिली. २०२१ मध्ये केंद्रीय न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. हे वाचताना मला दादाचे ते पाच आठवडे आठवले.

दादाचं पत्र मात्र शहराकडून आलं नव्हतं. ते होमओनर्स असोसिएशनचं, म्हणजे साधारण आपल्या हाउसिंग सोसायटीसारख्या संस्थेचं. १९७० मध्ये अमेरिकेत अशा सुमारे १० हजार संस्था होत्या, आज साडेतीन लाखांहून जास्त आहेत. सेक्रेटरीशी पंगा घेणं किती अवघड असतं ते सोसायटीत राहणाऱ्याला मी काय सांगणार.

पाणी संपायला लागलं तेव्हा

२००५ मध्ये उपग्रहांच्या मदतीने एक अंदाज काढला गेला. अमेरिकेत लॉनखालची जमीन सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त! पाणी देऊन वाढवलं जाणारं त्या देशातलं सगळ्यात मोठं पीक, आणि ते कोणी खात नाही.

२०१४ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडोरा गावात एका जोडप्याने पाणी वाचवायला लॉनचं पाणी कमी केलं. त्यांना गावाचं पत्र आलं: लॉन वाळली आहे, हिरवी करा, नाहीतर ५०० डॉलरपर्यंत दंड. त्याच सुमारास राज्याने ठरवलं, की जो पाणी वाया घालवेल त्याला दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड. करायचं काय माणसाने?

तेव्हापासून कायदे बदलतायत. नेवाडाने २०२१ मध्ये लास व्हेगास परिसरातल्या, नुसत्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायला २०२७ पासून बंदी घातली. घरगुती अंगणं त्यातून वगळली आहेत. मेरीलँडने त्याच वर्षी, मधमाशा-फुलपाखरांसाठी लावलेल्या बागांना असोसिएशनने मनाई करायची नाही असा कायदा केला. तोही एका जोडप्याच्या बागेवरून शेजाऱ्याने केलेल्या तक्रारीतून आलेला. आणि टेक्सासमध्ये तर २०१३ पासून कमी पाण्याची झाडं लावायला असोसिएशन सरसकट नाही म्हणू शकत नाही. आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, एवढंच.

मी उत्साहाने दादाला फोन केला. "अरे, कायदा आहे तुमच्याकडे! काढून टाक ते गवत."

तो म्हणाला, "माहितीये मला. पण पूर्ण गल्लीत पहिला मीच कशाला?"

पॉल रॉबिन्स या भूगोलाच्या अभ्यासकाने २००७ च्या 'लॉन पीपल' या पुस्तकात हेच मांडलंय. लॉनवर रसायनं मारणारे लोक अडाणी नसतात. उलट, यामुळे पाणी खराब होतं हे न मारणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असतं. तरी मारतात, कारण शेजारी बघतोय. आणि जो त्या गल्लीत नव्याने आलाय, ज्याचं नाव पत्रावर चुकीचं छापलं जातं, त्याला ती नजर जरा जास्तच जाणवते. स्कॉटला दीडशे वर्षांपूर्वी शेजाऱ्याला आनंद द्यायचा होता. दादा दर शनिवारी सकाळी गवत कापतो तेव्हा त्याला शेजाऱ्याने काही म्हणू नये एवढंच हवं असतं.

घराच्या मागच्या बाजूला, लाकडी कुंपणाच्या आत, कोणाला दिसत नाही तिथे, वहिनींनी मेथी पेरलीये. कढीपत्त्याची कुंडी आहे, तुळस आहे. तिकडे गवत किती वाढलंय ते कोणी मोजत नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला. समोर एक छोटा वाफा करून झेंडू लावलाय, दोन फूट बाय चार फूट. मंजुरीचा अर्ज केलाय, उत्तर अजून यायचंय.

उत्तर आलं की सांगतोच. तुम्हाला कधी असं पत्र आलं असेल, तिकडे किंवा इकडे सोसायटीत, तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!