इंजिनाची नाडी

बीदरची तांबडी माती असो वा गुलबर्ग्याची, म्हणजे आजच्या कलबुर्गीची, काळी माती असो, मोटारीचा वैरी एकच : धूळ. १९३२ च्या जूनमध्ये निझामाच्या रेल्वेने २७ बसगाड्या व १६६ नोकर घेऊन प्रवासी वाहतूक आरंभिली, तेव्हा हे दोन्ही जिल्हे त्याच संस्थानात होते. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. बीदर-भालकी म्हैसूरकडे गेली, उदगीर-निलंगा मुंबई राज्याकडे. सीमा बदलली, धूळ तीच राहिली.

धूळ इंजिनात शिरली की दट्ट्याच्या कड्या झिजतात आणि कोंडलेला दाब निसटू लागतो. जुना मिस्त्री हँडल सावकाश फिरवी. निरोगी सिलिंडर हाताला अडवी. जेथे हँडल मुकाट्याने फिरे, तेथे दुखणे.

पुढे हाताची जागा दाबमापकाने घेतली. इंजिन तापवावे, ठिणगीचा प्रवाह तोडून सर्व प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडावे आणि स्टार्टरने फिरवून एकेका सिलिंडरचा आकडा टिपावा. आकडे पुरेसे व जवळजवळ सारखे आले, तर प्रकृती ठीक. एखादा उणा निघाल्यास त्यात थोडे तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर कड्या झिजल्या. न वाढला, तर बहुधा झडप गळते. शेजारचे दोन्ही उणे असतील, तर संशय हेड गॅस्केटवर.

जुनी वेगवान मोटार हौसेने घेणारा आजही रंगाला आणि आवाजाला भुलतो, आणि आयुष्याची पुंजी झिजलेल्या इंजिनात घालून बसतो. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. गिऱ्हाइकानेही दाब पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.