बट्टा : एकाच रुपयाचे अनेक भाव

🧵 १/१८
मराठीत कुणाच्या लौकिकाला कमीपणा आला की 'नावाला बट्टा लागला' असे म्हणतात. हा बट्टा मूळचा सराफाच्या पेढीवरचा. अस्सल रुपयाही पूर्ण भावाने न स्वीकारता त्यातून जी कपात होत असे, तिचे हे नाव. आज जुनी नाणी परीक्षण संस्थांकडे पाठवून त्यांची श्रेणी ठरवून घेणारे संग्राहक तक्रार करतात की, तेच नाणे दुसऱ्यांदा पाठवले तर निकाल वेगळा येतो. खानदेशाला ही तक्रार नवी नाही. तिचाच हा इतिहास.

२/१८
धुळ्याहून मुंबई–आग्रा मार्गाने दक्षिणेस निघाले की मालेगावनंतर चांदवड लागते. आज ते नाशिक जिल्ह्यात आहे. तेथील रंगमहाल होळकरांच्या सत्तेची साक्ष देतो. अठराव्या शतकात येथे टांकसाळ चालत होती. तिच्या रुपयांवर 'जाफराबाद उर्फ चांदोर' असे टांकसाळीचे नाव फारसी लिपीत येते. सत्ता मराठ्यांची असली, तरी नाण्यावर नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. हाच चांदवडी रुपया.

३/१८
हा रुपया हाताने घडत असे. तोललेली चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोड्याचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने संपूर्ण मजकूर एकाही नाण्यावर उमटत नसे. एखाद्यावर टांकसाळीचे नाव येई, तर दुसऱ्यावर केवळ राज्यारोहणाचे वर्ष. म्हणजे एकाच दिवशी, एकाच ठशातून निघालेले दोन रुपयेही दिसायला सारखे नसत. पुढचे सर्व मतभेद येथूनच सुरू होतात.

४/१८
खानदेशच्या बाजारात केवळ चांदवडी रुपया नव्हता. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर, म्हणजे फारुकी सुलतानांची आणि नंतर मोगल सुभ्याची राजधानी. तेथील टांकसाळ मोगलांनंतर शिंद्यांच्या काळातही चालू राहिली. पश्चिमेकडून तापीच्या खोऱ्याने सुरती रुपया येई. पुण्याकडून हाली सिक्का आणि अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया. सर्वांना 'रुपया' हेच नाव, पण वजन आणि कस निरनिराळे.

५/१८
मग निवाडा कुणी करायचा? बाजारात सराफाने, सरकारी खजिन्यात पोतदाराने. ही दोन्ही नावे आज आडनावे म्हणून आपल्याभोवती आहेत. त्यांची साधने मोजकी होती. तराजू, कसोटीचा दगड, आणि फरशीवर आपटलेल्या नाण्याचा नाद ऐकणारा कान. तरीही संशय राहिला, तर नाण्यावर छिन्नीचा छोटा घाव घालून आतला धातू पाहायचा.

६/१८
'कसोटीला उतरणे', 'पारखी नजर', 'हिणकस', 'बावनकशी' हे शब्द आपण रोज वापरतो. ते सगळे याच व्यवसायातून आले आहेत. नाण्याची परीक्षा हा समाजाच्या नित्य अनुभवाचा भाग असल्याशिवाय भाषेत इतके शब्द रुजत नाहीत.

७/१८
परीक्षा केवळ धातूची नव्हती. मोगल व्यवहारात चालू वर्षाचा ताजा रुपया तो 'सिक्का'. त्याच बादशहाच्या कारकिर्दीतला, पण आधीच्या वर्षांचा तो 'चलनी'. पूर्वीच्या बादशहांचा तो 'खजाना'. नाणे झिजले असेल या गृहीतावर वयानुसार त्याचा भाव उतरत असे. कधी कधी वजन पुरेसे भरूनही केवळ जुने वर्ष दिसले म्हणून बट्टा बसे.

८/१८
निकाल बदलण्याची तीन कारणे होती. पहिले स्थळ : ज्या भागात सरकार तो रुपया भरण्यात स्वीकारते तेथे तो चढा, बाहेर उतरलेला. दुसरे काळ : हप्ता भरण्याच्या दिवसांत मागणी असलेल्या रुपयाचा भाव वाढे. तिसरे हितसंबंध : नाणे तपासणारा सराफच ते विकत घेणारा असे. परीक्षक आणि गिऱ्हाईक एकच!

९/१८
उदाहरणादाखल समजा, एका शेतकऱ्याने कापूस विकून १०० रुपये मिळवले. व्यापाऱ्याने ते पूर्ण भावाने मोजून दिले. सरकारी भरण्यासाठी ते बदलून घेताना सराफाने शेकडा ३ बट्टा लावला, तर हाती ९७ उरले. पीक तेच, चांदी तीच, तीन रुपये मात्र परीक्षेतच गेले. तराजू, कसोटी आणि निवाडा समोरच्याच्या हाती असल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

१०/१८
दोष केवळ सराफाचा नव्हता. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतील चलन आणि टांकसाळी या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. टांकसाळींचे परवाने खासगी व्यक्तींना दिले जात आणि वजन व कस यांची अट घातली जाई. ती अट मोडून हलका रुपया पाडणारेही होतेच. अशा बाजारात प्रत्येक नाण्याकडे संशयाने पाहणे हा सराफाचा व्यावसायिक धर्म ठरला.

११/१८
जानेवारी १८१८. मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख कंपनीला दिला. खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे आला आणि धुळे हे त्याचे मुख्य ठाणे झाले. सत्ता बदलली म्हणून लोकांच्या कनवटीचे रुपये एका दिवसात बदलत नाहीत. नानाविध रुपयांचा घोळ पुढेही काही वर्षे चालू राहिला.

१२/१८
१८३५ मध्ये कंपनीने एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. यंत्रावर पाडलेला, काठ दातेरी, मजकूर पूर्ण. काठ कोरून चांदी काढली तर ते लगेच दिसावे अशी रचना. आता रुपया पारखण्याऐवजी मोजणे पुरेसे झाले. जुने रुपये हळूहळू वितळवले गेले. म्हणून आज ते दुर्मीळ आहेत.

१३/१८
बाजारातून गेलेला निवाडा संग्राहकांच्या जगात मात्र परत आला. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तांब्याच्या जुन्या अमेरिकी सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. तिचा मूळ हेतू किंमत काढणे हा होता : ७० श्रेणीचे नाणे १ श्रेणीच्या ७० पट मोलाचे. गंमत पाहा, याच शेल्डनने एका नामांकित संस्थेच्या संग्रहातील उत्तम नाणी काढून तेथे आपली हलकी नाणी ठेवल्याचे पुढे उघड झाले. परीक्षक आणि गिऱ्हाईक एकच असण्याचा धोका पुन्हा दिसला.

१४/१८
१९८० च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था निघाल्या. नाणे विकणाऱ्या-घेणाऱ्याऐवजी तिसऱ्याने ते पाहावे, आकडा द्यावा आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करावे, ही कल्पना. सराफाच्या व्यवहारातील मुख्य दोषावर हा खरा उपाय होता. तरीही २००३ मध्ये 'कॉइन वर्ल्ड' या अमेरिकी नियतकालिकाने तीच नाणी अनेक परीक्षण संस्थांकडे पाठवून पाहिली, तेव्हा एकाही नाण्यावर सर्वांचे एकमत झाले नाही.

१५/१८
असे का होते? वजन तराजू सांगतो. झळाळी, ओरखडे, झीज यांचे मोल डोळा ठरवतो. सीमारेषेवरचे नाणे एकदा वर जाते, एकदा खाली. एका अंकाने किंमत कितीतरी बदलते, म्हणून मालक ते डबीतून काढून पुन्हा पाठवतो. शिवाय ही मोजपट्टी यंत्राच्या नाण्यांवर वाढलेली. चांदवडी रुपयाचा एखादा भाग सपाट दिसला, तर तो वापराने झिजला की हातोड्याचा घावच तेथे हलका बसला? दोन जाणकार येथे प्रामाणिकपणे दोन उत्तरे देऊ शकतात.

१६/१८
माझ्या मते खरा प्रश्न याहून पुढचा आहे. सराफाच्या छिन्नीची खूण आजच्या परीक्षणात 'दोष' ठरते आणि श्रेणी घटवते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तीच खूण सांगते की हा रुपया बाजारात फिरला, कुणाच्या तरी मनात त्याच्याविषयी संशय आला आणि त्याची परीक्षा झाली. पेटीत निजलेला चकचकीत रुपया बाजारपेठेविषयी फारसे बोलत नाही. श्रेणी हा परीक्षकाचा अभिप्राय आहे; तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिला आहे, हे आधी विचारावे.

१७/१८
कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेषात मोडते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, आणि उल्लंघनाला कारावासाची तरतूद आहे. 'परीक्षणासाठीच पाठवले होते' हे त्यावर उत्तर नव्हे. जमिनीत सापडलेल्या नाण्यांना तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

१८/१८
जळगाव-धुळ्याकडील कुणाच्या देवघरात वा जुन्या पेटीत असा रुपया असेल, तर चिंच, राख, पॉलिश यांपासून त्याला दूर ठेवा. घासलेल्या पृष्ठभागावरचा पुरावा परत येत नाही. ग्रॅममध्ये अचूक वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि ते घरात कसे आले याची हकिकत, एवढे लिहून ठेवा. या नोंदीला कुणी अंक देणार नाही. पण दोन परीक्षकांचे एकमत झाले नाही, तरी ती तशीच टिकेल, आणि खानदेशच्या आर्थिक इतिहासाला नेमकी तिचीच उणीव आहे.