नीतीच्या मास्तरांना कोणी शिकवायचं?

मागच्या दिवाळीत साखऱ्याला गेलो होतो. साखरा म्हणजे हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. माझा मावसभाऊ तिकडच्याच एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. पाऊस, हळदीचा भाव वगैरे नेहमीचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "दादा, यंदा माझ्या गळ्यात व्यवसाय नीतिशास्त्राचा पेपर मारलाय. जन्मभर डेबिट-क्रेडिट शिकवलं मी. नीती काय शिकवू? पुस्तकात एन्रॉन आहे. पोरं विचारतात, सर, हे एन्रॉन कुठं आलं?"

मी म्हटलं, "गुहागरला."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण त्याच्या पुस्तकात नसलेला इतिहास तिथूनच सुरू होतो.

१९८०च्या दशकात अमेरिकेत शेअर बाजारातले घोटाळे एकामागोमाग बाहेर आले. १९८६ मध्ये आयव्हन बोस्कीला आतल्या बातमीवर सौदे केल्याबद्दल दहा कोटी डॉलर भरावे लागले. आरोपींत चांगल्या चांगल्या विद्यापीठांतून शिकलेले लोक होते, म्हणून बोट शिक्षणाकडे गेलं. १९८७ मध्ये तिकडच्या रोखे आयोगाचे अध्यक्ष जॉन शॅड यांनी हार्वर्डच्या बिझनेस स्कूलला नीतिशिक्षणासाठी दोन कोटी डॉलर देऊ केले. पैसा आला, पण शिकवणार कोण? तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला ताळेबंद वाचता येत नाही आणि ताळेबंदवाल्याला नीतीवर बोलायचा संकोच वाटतो. म्हणजे आमच्या भावाचीच अडचण.

यावर एक उत्तर एका कंपनीनं काढलं. १९८७ ते १९९४ या काळात काही विद्यापीठांना सोबत घेऊन तिनं पन्नास लाख डॉलर खर्च केले. इलिनॉय राज्यात सेंट चार्ल्स इथे तिचं स्वतःचं मोठं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे प्राध्यापकांना बोलावून त्यांच्या कार्यशाळा घेतल्या. त्यांच्यासाठी छोट्या छोट्या केसेस लिहवून घेतल्या, व्हिडिओ तयार केले. कल्पना मला आजही पटते. नीतीचा वेगळा तास घेऊन प्रवचन करायचं नाही. अकाउंट्सच्या मास्तरनं अकाउंट्समध्येच, मार्केटिंगवाल्यानं मार्केटिंगमध्येच तो प्रश्न काढायचा. तुम्ही हाताखालचे हिशेबनीस आहात, साहेब म्हणतो ही विक्री मागच्या तिमाहीत दाखव, आता काय कराल? मास्तरनं फक्त प्रश्न नीट विचारायला शिकायचं.

कंपनीचं नाव आर्थर अँडरसन. म्हणजे एन्रॉनचे ऑडिटर!

भाऊ म्हणाला, "काय सांगतो!"

आता गुहागर. एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीनं डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये युती सरकारनं तो रद्द केला आणि पुन्हा वाटाघाटी करून चालू केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की मंडळाला बिलं झेपेनात. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीनं या कराराची चिरफाड केली आणि त्याच वर्षी प्रकल्प बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉननं दिवाळं काढलं. कागदपत्रं नष्ट केल्याच्या खटल्यात जून २००२ मध्ये अँडरसन दोषी ठरली आणि जवळपास ८५ हजार माणसांची ती फर्म मोडली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, पण तोवर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. प्राध्यापकांना नीती शिकवण्यावर सात वर्षांत पन्नास लाख डॉलर. आणि २००० या एकाच वर्षात एन्रॉनकडून मिळालेली फी पाच कोटी वीस लाख डॉलर. त्यातले अडीच कोटी ऑडिटचे आणि बाकीचे सल्ला वगैरे इतर कामांचे. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्याकडूनच त्याहून जास्त पैसे दुसऱ्या कामाचे घ्यायचे! कार्यशाळा खोट्या नव्हत्या, केसेसही चांगल्या होत्या. पण स्वतःच्या ऑफिसातल्या या प्रश्नाचं त्या केसेसना काही करता आलं नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी हसू नये. सत्यमला सप्टेंबर २००८ मध्ये सुशासनाचं बक्षीस मिळालं आणि ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंचं पत्र आलं, की खात्यात दाखवलेले पाच हजार चाळीस कोटी नाहीतच.

आपल्याकडेही मास्तर घडवायचे प्रयत्न झाले. कोलकात्याच्या आयआयएममध्ये एस. के. चक्रवर्तींनी मानवी मूल्यांचं केंद्र उभं केलं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांसाठी ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. २०१५ मध्ये त्यांचं नाव बदललं, २०२३ मध्ये मालवीय मिशनखाली पुन्हा बदललं. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी एआयसीटीईनं मानवी मूल्यांच्या कार्यशाळा काढल्या. तिथे मास्तरला आधी स्वतःकडे पाहायला सांगतात. भाऊही चार आठवड्यांचा ओरिएंटेशन कोर्स करून आलेला. "त्यात नीतीचा एक तास होता," तो म्हणाला. "जेवणानंतरचा."

मी म्हटलं, मग अँडरसनची चांगली कल्पना तेवढी घे आणि केस घरची घे. आपल्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात कारंजा लाड आहे. १८८६ मध्ये तिथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कायदा आला. वजनमापाला, दलालीला शिस्त लावायला बाजार समित्या आल्या. पण समितीत बसले कोण? व्यापारी आणि नगरपालिकेचे लोक. कापूस पिकवणाऱ्याला त्यात जागा नव्हती. ती १९२७च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानं पहिल्यांदा मिळाली. नियम पाळायचे त्यानंच नियम राखायचे, हा अँडरसनचा पेच आपल्या मोंढ्यात शंभर वर्षं आधीच होऊन गेलाय.

असो. मी पुण्याला परत आलो. महिनाभरानं त्याचा फोन आला.

त्यानं वर्गात मोंढ्यातला कडता घेतला होता. हळद ओली आहे, माती आहे, म्हणून पोत्यामागे वजन कापतात. किती कापायचं हे कोण ठरवणार? एरवी मागच्या बाकावर झोपणारी पोरं बोलायला लागली. एक जण म्हणाला, "सर, माझ्या वडिलांची आडत आहे." मग त्यानं दुसरी बाजू सांगितली. माल वाळल्यावर खरंच घटतो, पेरणीला शेतकऱ्याला उचल आम्हीच देतो, ती बुडालेलीही आम्हीच सोसतो. चांगलीच जुंपली. भाऊ फक्त आकडे फळ्यावर मांडत होता.

मग एका पोरीनं हात वर केला. "सर, आमची पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, ती खरी असते का?"

मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार, दादा? नसते म्हणालो."

थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग तो म्हणाला, या महिन्यापासून हजेरी खरी लावतोय. वरून विचारणा झाली आहे. निम्मा वर्ग परीक्षेला अपात्र ठरेल, त्यातली बरीच पोरं हळदीच्या काढणीला जातात. त्यांचं काय करायचं हे त्याला अजून उमगलेलं नाही.

मला वाटतं त्याचं प्रशिक्षण त्या तासाला सुरू झालं. पुढच्या वर्षी तो ही केस लिहून काढणार आहे, हजेरीसकट.