देहातील मिठाचा नकाशा

रुईच्या गाठी उचलणाऱ्या हमालाचा सदरा धामणगावच्या उन्हात वाळला म्हणजे पाठीवर पांढरा पट्टा उमटतो. तो मिठाचा. कामगारांना पाण्याबरोबर चिमूटभर मीठही मिळावे, अशी मागणी आम्ही एका जिनात मांडली, तेव्हा समोरची मंडळी हसली. त्या हसण्यानेच आम्हांस वाचावयास लावले.

मिठासाठी भांडणे वऱ्हाडला नवे नाही. समुद्र शेकडो मैल दूर. तरी 1930 साली अकोला जिल्ह्यातील दहीहांड्यास विहिरींच्या खाऱ्या पाण्यातून मीठ काढून लोकांनी कायदा मोडला. परंतु देहातले मीठ पाहावयाचे कसे?

मिठातील सोडियम पेशीबाहेर भरपूर असते, आत सुमारे दहावा हिस्सा. पेशी ते अखंड बाहेर उपसते. हे काम करणारा पंप डेन्मार्कच्या स्काऊ यांनी 1957 साली उजेडात आणला. रक्त पोहोचले नाही की पंप थकतो आणि सोडियम आत साचते. म्हणजे सोडियम दिसले, तर पेशीचे जिणे-मरणे दिसले.

त्याची किल्ली 1946 साली अमेरिकेत ब्लॉख व पर्सेल यांना स्वतंत्रपणे सापडली. प्रबळ चुंबकात ठेवलेले अणुकेंद्र ठराविक रेडिओलहरींना साद देते. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये 1951 साली अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह एका भारतीयाने दाखविले की, मद्यार्कातील हायड्रोजन एक नव्हे, तीन निरनिराळ्या सादा देतो. हे एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विद्येचा पाया घातला. पन्नाशीपर्यंत आम्हांस त्यांचे नावही ठाऊक नव्हते!

1973 साली लॉटरबर यांनी या सादेतून चित्र काढले. इस्पितळातील एमआरआय मुख्यतः पाण्यातला हायड्रोजन पाहतो. सोडियमची साद त्याहून हजारो पटींनी क्षीण, शिवाय सूरही निराळा: एकाच चुंबकात हायड्रोजन 64 मेगाहर्ट्झला बोलतो, तर सोडियम 17 ला. म्हणून वेगळे वेटोळे लागते, वेळही फार. तरी 1981 साली उंदराच्या धडधडत्या हृदयातील सोडियमची चित्रे निघाली. 1983 साली न्यूयॉर्कच्या हिलाल यांनी पक्षाघात झालेल्या मांजराच्या मेंदूतील सोडियम टिपले. मग माणसाची पाळी आली. अलीकडे जर्मनीत एर्लांगेन येथे टिट्झे यांच्या गटाने दाखविले की, कातडी व स्नायूंतही सोडियम साठते आणि वयाबरोबर वाढते. ही तपासणी अजून बहुतांशी प्रयोगशाळांतच आहे.

आमच्या मागणीचे सांगावयाचे राहिले. माठाशेजारी मिठाची वाटी आली, पण तोवर मृग लागला होता.